प्रार्थनेला नुकताच उभा राहू लागलेल्या भावास

बाप्तिस्म्यानंतर मंडळीत उभे राहून प्रार्थना करताना आपले शब्द जमत नाहीत, अशी खंत तुम्ही व्यक्त केलीत. भाऊ, मला ती उणीव वाटत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील परूशी (धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा यहूदी) आणि जकातदार (लोक ज्याला पापी समजत, असा करवसुली करणारा) यांचा दाखला सावकाश वाचा; दोघेही मंदिरात प्रार्थनेला उभे आहेत. आठवड्यातून दोनदा उपास आणि सर्व मिळकतीचा दशांश, हे परूश्याचे सांगणे खोटे होते असे येशू म्हणत नाही. चुकले ते हे की देवापुढे उभा असताना त्याची नजर दूर उभ्या जकातदारावर होती, आणि त्या जकातदाराला मात्र वर पाहण्याचेही धाडस झाले नाही.

मला हे फार उशिरा उमगले. एका संध्याकाळच्या प्रार्थनासभेत मी लांबलचक प्रार्थना करून समाधानाने खाली बसलो, तेव्हा दिवसभर कापूस वेचून आलेल्या, बोंडांच्या टोकांनी बोटे चिरलेल्या एक आजी ‘देवा, माझ्यावर दया कर’ एवढेच म्हणून थांबल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रार्थनेत कोणाशी तुलना डोकावली की तिथेच थांबा आणि स्वतःची चूक स्पष्ट शब्दांत देवाला सांगा. मात्र स्वतःला हीन लेखणे म्हणजे नम्रता नव्हे. आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या हिणवल्या गेलेल्यांना हे आवर्जून सांगावे लागते. ख्रिस्ताने दासाचे रूप स्वेच्छेने घेतले, असे फिलिप्पैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात आहे.

येत्या रविवारी उपासनेनंतर सतरंज्या झटकायला थांबा, मीही असेन.