फाँतँ-लातूर यांच्या शोकचित्रात बर्लिओझच्या थडग्यापाशी कोण जमले आहे?

आपला प्रश्न असा आहे की, फ्रेंच चित्रकार आँरी फाँतँ-लातूर यांनी फ्रेंच संगीतकार एक्तोर बर्लिओझ यांच्या स्मरणार्थ केलेल्या शिळाछापात (दगडावरून छापलेल्या चित्रात) थडग्याभोवतीच्या स्त्रिया कोण आणि त्यांच्यात हा साध्या, आधुनिक पोशाखातला पाठमोरा पुरुष कसा आला.

बर्लिओझ ८ मार्च १८६९ रोजी पॅरिसमध्ये वारले. डिसेंबर १८७५ मध्ये त्यांची ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ ही सिम्फनी तिथे ऐकून फाँतँ इतके भारावले की त्यांनी लगोलग हे छापचित्र केले. त्याच कल्पनेवरचे १८७६चे तैलचित्र ग्रनोब्लच्या संग्रहालयात आहे. ‘L'Anniversaire’ या फ्रेंच शीर्षकाचा सरळ अर्थ ‘वार्षिक दिन’ असा होतो. मी मराठीत ‘पुण्यतिथी’ म्हणेन.

शोकाकुल स्त्री म्हणजे संगीतदेवता, आणि रचनांच्या नावांची गुंडाळी धरलेली ती इतिहासदेवता क्लिओ. बाकीची मंडळी मात्र बर्लिओझच्याच कृतींतली आहेत: ‘ट्रोजन्स’ या ऑपेरामधली राणी डायडो, ‘फाउस्ट’ या गायन-वादनाच्या नाट्यमय रचनेमधली मार्गारेट आणि रोमिओ-ज्युलिएट. सिम्फनीत हे दोघे प्रेमी स्वतः गातच नाहीत, त्यांचे प्रेम वाद्यवृंदच बोलतो; फाँतँनी त्यांना इथे देह दिला आहे. बर्लिओझच्या दोन्ही पत्नी त्यांच्या आधी गेल्या होत्या, एकुलता एक मुलगा लुई १८६७ मध्ये हवानात वारला होता. १८४६ मध्ये ‘फाउस्ट’ पॅरिसमध्ये पडल्याने ते कर्जात बुडाले होते, आणि ‘ट्रोजन्स’चे पहिले दोन अंक तर त्यांना रंगमंचावर कधीच पाहायला मिळाले नाहीत. हे ठाऊक झाल्यावर, घरचे कोणी न उरलेल्या माणसाचे सुतक त्याची पात्रे पाळत आहेत, हे पाहून माझे मन फार हलते.

पुष्पचक्र घेऊन आलेला तो पुरुष म्हणजे आजचा माणूस, अर्थात संगीत ऐकून कृतज्ञतेने आलेला श्रोता. त्याच्या रूपाने चित्रकार स्वतःच तिथे उभा आहे, असे मानतात. चेहरा दाखवला नाही, हे मला फार योग्य वाटते.

चित्राची मोठी प्रत मिळाल्यास छायेचे भाग जवळून पाहावेत. फाँतँ तेलकट खडूने कागदावर रेखाटत, ते दगडावर उतरवत आणि मग दगडावरचा काळा थर टोकदार हत्याराने खरवडून उजेड काढत. धुक्यासारख्या त्या करड्या छटेत हे बारीक ओरखडे स्पष्ट दिसतात.