रायफल घेण्याआधीचे बारा आठवडे

मॅडिसन, विस्कॉन्सिन
ऑगस्टचा शेवटचा आठवडा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला माझ्याबरोबर यायचे आहे आणि जमल्यास सापळे लावण्याचे कामही शिकायचे आहे, असे तू लिहिले आहेस. शेवटी कोणती रायफल घ्यावी, असेही विचारले आहेस. रायफलीचा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. आपल्याकडे बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी उघडतो. त्याला अजून साधारण बारा आठवडे आहेत, आणि त्या पहाटे गोळी झाडायची की नाही हा जो निर्णय तुला क्षणभरात घ्यावा लागेल, त्याची तयारी याच आठवड्यांत व्हायची आहे.

पहिले काम कागदांचे आहे आणि तुझ्या बाबतीत ते अधिक काळजीने करायला हवे. तू एच-1बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेस. अशा व्हिसावरील माणसाला बंदूक वा काडतुसे जवळ बाळगण्यास अमेरिकेच्या संघराज्य कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, आणि परवान्याची मुदत संपली की त्यावरची सवलतही संपते. म्हणून परवाना हातात येईपर्यंत माझीच काय, कोणाचीही रायफल हातात घेऊ नकोस, आणि खरेदीपूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घे. तुझी नोकरी आणि तुझे इथले राहणे एका हरणापेक्षा फार मोठे आहे. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला विस्कॉन्सिनमध्ये परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्याची नोंदणी याच आठवड्यात कर, कारण हंगाम जवळ आला की जागा मिळत नाहीत. तिथे चार नियम पाठ करून घेतील: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे, नळीचे तोंड नेहमी सुरक्षित दिशेला ठेवावे, लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे याची पक्की खात्री करावी, आणि झाडण्याची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर असावे. परीक्षेनंतरही ते रोज म्हणत जा.

नेम साधण्याविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण तिथे माझ्या हातून जे झाले ते मला आजही टोचते. माझ्या तिसऱ्या हंगामाच्या आदल्या संध्याकाळी रायफल गाडीच्या सीटवरून घसरून खाली आपटली. स्कोपवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, ओरखडाही दिसला नाही, म्हणून मी ती तशीच खोळीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐंशी यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. मी पुढच्या पायामागे, फुप्फुसावर नेम धरला आणि चाप ओढला. ती पाठ वाकवून, शेपूट खाली दाबून निघून गेली. जागेवर जाऊन पाहिले तेव्हा मेपलच्या पानांवर रक्ताचे दोनच काळपट थेंब होते आणि त्यांच्या शेजारी हिरवट चोथा पडलेला होता, म्हणजे गोळी मागे, पोटात लागली होती. अशा वेळी कित्येक तास स्वस्थ बसायचे असते, म्हणजे जखमी जनावर जवळच आडवे होते. मी घाबरलो आणि लगेच मागावर निघालो. त्यामुळे ती उठून पुढे पुढे जात राहिली. रात्री विजेरी घेऊन शोधले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधले, पण ती सापडली नाही. नंतर कागदावर गोळ्या झाडून पाहिल्या, तर शंभर यार्डांवर त्या नऊ इंच उजवीकडे पडत होत्या. काडतुसांचा एक खोका आणि एक सकाळ एवढाच तो खर्च होता, आणि तो मी केला नव्हता.

म्हणून ऑक्टोबरात, परवाना मिळाल्यावर, आपण रेंजवर जाऊ. जी काडतुसे नोव्हेंबरात वापरायची तीच घेऊ, शंभर यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट पाडू आणि स्कोप जुळवू. बहुतेक स्कोपांच्या फिरकीचा एक टप्पा त्या अंतरावर गोळी पाव इंच सरकवतो. ते झाले की बाकावरून उठायचे. जंगलात बाक नसतो, तेव्हा गुडघ्यावर, मांडी घालून, झाडाला टेकून आणि हातमोजे घालून सराव करायचा. ज्या अंतरावर तुझ्या दहाही गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत पडतील, ते तुझे अंतर. माझ्या अंतराशी किंवा दुकानदाराने सांगितलेल्या अंतराशी त्याचा काही संबंध नाही. त्यापलीकडे उभे असलेले जनावर कितीही देखणे असले, तरी ते तुझ्यासाठी नाही, हे आधीच ठरवून ये. त्या खोक्याची किंमत देताना एक गोष्ट ध्यानात असू दे: 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के अबकारी कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे, अधिवासाच्या आणि प्रशिक्षणाच्या कामांसाठी जातो. तू जो अभ्यासक्रम करणार आहेस, त्यामागेही हा पैसा आहे.

सप्टेंबरचे शनिवार रान पाहण्यात घालवू. आपण जाऊ ती जमीन एका शेतकरी कुटुंबाची आहे आणि माझी परवानगी आपोआप तुझी होत नाही, म्हणून तू स्वतः येऊन त्यांना भेट, कुंपण आणि फाटक याबद्दल त्यांचे म्हणणे ऐक. मग माग काढायला शीक. सप्टेंबरात नरांच्या शिंगांवरची मखमल गळते आणि ते कोवळ्या झाडांवर शिंगे घासतात. साल सोललेला तो पांढुरका पट्टा दुरून दिसतो. ऑक्टोबरात खुरांनी उकरलेली माती दिसू लागते आणि तिच्या वर, हरणाच्या तोंडाच्या उंचीवर, हमखास एक चावलेली डहाळी असते. पांढऱ्या ओकची फळे तांबड्या ओकच्या फळांपेक्षा कमी तुरट असतात, म्हणून ती पडू लागली की हरणे आधी तिथे येतात; ती झाडे पानांवरून ओळखायला शीक, कारण पानांची टोके पांढऱ्या ओकची गोलसर आणि तांबड्याची अणकुचीदार असतात. वाऱ्याची दिशा प्रत्येक वेळी वहीत लिही. आपल्याकडच्या या टेकड्या हिमनद्यांखाली कधी सपाट झाल्या नाहीत, त्यामुळे घळी खोल आहेत, आणि थंड पहाटेची हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापले की वर चढते. नुसता वारा पाहून बसलास तर तुझा वास घळीतून हरणांपर्यंत पोहोचलेला असतो आणि तुला ते कळतही नाही.

मचाण सप्टेंबरातच तपासून बांधू. मचाणावरून पडणे हे इथल्या शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक मोठे कारण आहे. जमिनीवरून पाय उचलताच हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेला सुरक्षेचा पट्टा, दोराला अडकवायचा, चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असायचे, आणि रायफल रिकामी करून वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची. यात मी कोणाचे काही ऐकत नाही. कपड्यांत कमरेवरचा निम्म्याहून अधिक भाग भडक नारिंगी हवा. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. टोपी घातलीस तर तिलाही तोच नियम.

आता सापळ्यांविषयी. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे तू हे काही पाहिले नाहीस, पण ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. फासेपारध्यांचे नावच फाशांवरून पडले आहे. इथे त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम आणि वेगळा परवाना आहे, आणि प्रत्येक प्रजातीची तारीख वेगळी असते. नव्या सापळ्यावर कारखान्याचे तेल असते. ते सोड्याच्या पाण्यात उकळून काढायचे, सापळे उघड्यावर टांगून त्यांवर गंजाचा पातळ थर येऊ द्यायचा, मग लॉगवूड या रंग देणाऱ्या लाकडाच्या ढलप्यांच्या पाण्यात उकळून काळे करायचे आणि जमिनीवर लावायचे असतील त्यांना मेण द्यायचे. शरीर आवळणाऱ्या सापळ्यांना मात्र मेण कधीही देऊ नकोस, कारण त्यांची कळ निसटती होते आणि तुझाच हात त्यात सापडतो. प्रत्येक सापळ्याला मालकाची ओळख सांगणारी पट्टी तारेने बांधावी लागते. हे काम सप्टेंबरात अंगणात दोन दिवसांत होते.

अवघड भाग पुढे आहे. जमिनीवर लावलेला सापळा रोज पाहिलाच पाहिजे, असा नियम आहे. पाण्याखाली बुडवून मारणाऱ्या सापळ्यांना अधिक दिवसांची मुभा आहे. पावसात, तापात, सकाळी आठच्या बैठकीआधी, रोज. जिवंत जनावर तिथे तुझी वाट पाहत असते. तुझ्या नोकरीच्या वेळा पाहता यंदा सहा सापळ्यांहून अधिक लावू नयेत असे माझे मत आहे, आणि तेही मस्करॅटसाठी (पाण्यात राहणारा, केसाळ कातड्यासाठी पकडला जाणारा उंदरासारखा प्राणी) ओढ्यात. घाई करण्यात लाभही नाही. ऑक्टोबरात सोललेल्या कातड्याची आतली बाजू निळसर काळी असते, म्हणजे केस अजून भरायचे आहेत. थंडी मुरली की तीच बाजू सायीसारखी पांढरी होते.

मांसाची तयारीही आत्ताच कर. मॅडिसनच्या पश्चिमेला हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा प्राणघातक रोग 2002 साली आढळला आणि तो इथून गेलेला नाही. आपण हरणाचे डोके तपासणीला देतो, निकाल येईपर्यंत मांस चिठ्ठी लावून फ्रीजरमध्ये ठेवतो, आणि रोग निघाला तर ते खात नाही. म्हणून फ्रीजरमध्ये आधी जागा कर, आणि सहा इंचांहून लहान पात्याची सुरी परजून ठेव. या मांसाला चरबी फार थोडी असते. मटणासारखे तासभर उकळलेले तुकडे चिवट होतात. रानाच्या मांसाला खिमा किंवा मंद आचेवरचा रस्सा बरा, असे तुझी काकू म्हणते आणि ते खरे आहे.

रायफलीबद्दल तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की यंदा माझ्याकडची जुनी .308 काडतुसाची रायफल वापर, काय घ्यायचे ते डिसेंबरात तुझे तुला कळेल. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे साडेपाचला माझ्या दारात ये. बूट नवे घेतले असशील तर तोवर रोज पायात घालून फिरत जा, आणि वही विसरू नकोस.

तुझा,
काका