रक्त द्यायला हरकत नाही हो, पण बोट कुणाकडे जाणार?

मुलीला पीसीओएस आहे (हार्मोन्सच्या बिघाडामुळे पाळी लांबणं, चेहऱ्यावर केस येणं असा त्रास), डॉक्टर म्हणतात की संशोधनासाठी आई, वडील, बहीण सगळ्यांनीच रक्त द्या. द्यावं का? उद्या स्थळ बघताना हे बाहेर नाही ना येणार? असं विचारणारी घरं माझ्याकडे अधूनमधून येतात. त्यातलं एक साताऱ्याकडचं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

थोरली चोवीस वर्षांची. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही, हनुवटीवर राठ केस. धाकटी पंधराची, तिला अजून काही नाही. वडील एसटीत. थोरलीला या अभ्यासात भाग घ्यायचाच होता, वडिलांचं म्हणणं "घ्या की, त्यात काय एवढं", आणि आईंचं एकच, "नको."

मी नेहमीच्या सवयीने समजावायला बसले. नेदरलँड्समध्ये जुळ्या बहिणींचा अभ्यास झाला होता, २००६ साली तो प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांमध्ये एकीला पीसीओएस असला तर दुसरीला असण्याची शक्यता साध्या बहिणींपेक्षा बरीच जास्त निघाली. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा. पण एकच एक जनुक जबाबदार आहे असं मात्र नाही. २०१८ साली पीसीओएस असलेल्या दहा हजारांहून जास्त स्त्रियांचा डीएनए तपासला, तेव्हा संबंध असलेल्या चौदा जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळूनही कोडं थोडंसंच सुटतं. शिवाय त्या स्त्रिया युरोपीय वंशाच्या. आपल्याकडची कुटुंबं पुढे आली नाहीत तर आपल्या मुलींबद्दल कळणार कुठून?

आई मान हलवत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडूनच आलं ना?"

एवढी वर्षं हे काम करूनही मी सुरुवातच चुकीची केली होती. त्यांना सुईची भीती नव्हती, लग्नाचीही दुसऱ्या नंबरची. थोरलीच्या हनुवटीवर पहिल्यांदा केस दिसले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्यात असलं काही नव्हतं." ते वाक्य त्या सात वर्षं उराशी घेऊन बसल्या होत्या. आता तपासणीत तेच लेखी निघेल, असा त्यांचा हिशेब.

मग मी कागद घेतला आणि वंशावळ काढायला लागले. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, कुणाला त्रास असेल तर तो आकार काळा करायचा. थोरलीचा गोल काळा केला. आईंच्या बाजूला मावशी, आजी, मामा. पेन्सिल फिरत राहिली, सगळे रिकामे. वडिलांची बाजू आली तेव्हा वडीलच म्हणाले, "माझ्या आईला साखर होती. मोठ्या भावालाही आहे." मी विचारलं, बहिणी किती? एक. मुलं? ते गप्प. आईच हळू बोलल्या, "वन्संना मूल झालं नाही. पाळीचा त्रास होता त्यांना. चेहऱ्यावर केस पण होते, त्या चिमट्यानं काढायच्या. चार वर्षांनी सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं."

आत्याचा गोल मी काळा केला नाही. प्रश्नचिन्ह टाकलं. कुणी तिची कधी तपासणी केली नव्हती, आणि इथं हजर नसलेल्या बाईबद्दल आम्ही चौघं बोलत होतो. कुटुंबाच्या अभ्यासातली ही मला सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट.

पण वडिलांच्या लक्षात आलं. पुरुषाला अंडाशय नसतात म्हणून त्याच्यात पाळीची लक्षणं दिसणार नाहीत, तरी तेच जनुकीय बदल त्याच्याकडून मुलीत येऊ शकतात. पीसीओएस असलेल्या मुलींच्या वडिलांमध्ये, भावांमध्ये शरीर इन्सुलिनला दाद न देण्याचा त्रास जास्त आढळतो. वडिलांचं रक्त मागतात ते यासाठीच. आई-वडील दोघांचे नमुने असले की कुठला बदल कुठल्या बाजूने आला ते पाहता येतं. संशोधनाला ती बाजू हवी असते, कुणाचा दोष काढायला नव्हे. आणि बहुतेक मुलींमध्ये थोडं इकडून, थोडं तिकडून असंच असतं.

आता लग्नाचं. नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. नाव आणि नंबर जोडणारी यादी वेगळी, कुलपात. निष्कर्ष छापताना कुटुंब ओळखू येईल असं काही देत नाहीत. संमतीपत्रात हे सगळं असायलाच हवं, वाचून घ्या. खरं सांगायचं तर असल्या बातम्या प्रयोगशाळेपेक्षा हळदीकुंकवातून जास्त फुटतात. आणि "हिला पुढे होणार" असं प्रमाणपत्र कुणी देत नाही. तसं सांगणारी जनुकीय चाचणीच नाही. साखर, हार्मोन्सचे रिपोर्ट मात्र मिळणार का ते आधी विचारून घ्यावं. तपासणीसाठी पाळीच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलूनच.

एक गोष्ट मी प्रत्येकाला एकेकटं बसवून सांगते. दत्तक मूल असेल किंवा नात्यातलं काही झाकलेलं असेल, तर डीएनएमध्ये ते संशोधकाला दिसू शकतं. ते घरी कळवणार की नाही, हे आधी विचारा. सगळ्यांसमोर विचारवत नसेल तर वेगळी वेळ मागा, ती मिळायलाच हवी.

धाकटी नको म्हणाली. सुई नको, बस्स. अठराच्या आत आई-वडिलांची सही लागते, पण मुलीचाही होकार लागतो. वडील तिला चॉकलेटचं आमिष दाखवायला लागले तेव्हा मी थांबवलं. तिचा फॉर्म कोराच परत गेला. थोरलीचा उपचार त्यामुळे अडला नाही, अडायलाही नको. आईंनी मात्र त्या दिवशी सही केली नाही. घरी जाऊन विचार करते म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी रक्त द्यायला चौघं आली. आई, वडील, थोरली आणि आत्या. सही करण्याआधी आत्यांनी चष्मा लावून संमतीपत्राचं पान न् पान वाचलं. एकच प्रश्न विचारला, "यात माझं नाव येणार?"

"नाही. नंबर."

"मग लिहा," त्या म्हणाल्या. "पाळी तेराव्या वर्षी आली. तेव्हापासूनच वेळेवर नव्हती."

आई शेजारीच बसल्या होत्या. रक्त देऊन झाल्यावर उपाशीपोटी आलेल्या आपल्या वन्संसाठी त्यांनी पिशवीतून डबा काढला.