पोलिसांना आपली खासगी गाडी ताब्यात घेता येते का?

रस्त्यात अडवून ‘सरकारी कामाला गाडी हवी आहे, चावी द्या’ असे पोलिसांनी सांगितले तर ती द्यावीच लागते का, असा आपला प्रश्न आहे. केवळ तोंडी हुकमावर ती द्यावी लागत नाही.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, म्हणून तो आता उरलाच नाही, असे अनेक जण मानतात. हे खरे नाही. त्याच दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३००अ नुसार कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. गरज कितीही खरी असली, तरी अधिकार देणारे कलम असावेच लागते.

असे सर्वाधिक वापरले जाणारे कलम निवडणुकीचे आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १६० नुसार मतदानाचे साहित्य, निवडणूक कर्मचारी आणि बंदोबस्ताचे पोलीस यांची ने-आण करण्यासाठी वाहन अधिग्रहित करता येते, म्हणजे सरकारी कामापुरते ताब्यात घेता येते. मात्र हा अधिकार राज्य सरकारचा आहे. तो जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांकडे सोपवला जातो, आणि आदेश मालकाच्या किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या नावे लेखी काढावा लागतो. उमेदवार प्रचारासाठी रीतसर वापरत असलेले वाहन मतदान संपेपर्यंत घेता येत नाही. कलम १६१ नुसार त्या भागातील प्रचलित भाडेदर पाहून मोबदला ठरतो, आणि तो अमान्य असल्यास लवादाकडे प्रकरण नेण्याची मागणी करता येते. असा वैध आदेश धुडकावल्यास मात्र एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आदेश हातात पडल्यावर हुज्जत घालू नये. पूर, भूकंप अशा प्रसंगी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ ची कलमे ६५ आणि ६६ लागू होतात. तेथेही अधिकार राष्ट्रीय किंवा राज्य कार्यकारी समितीचा, जिल्हा प्राधिकरणाचा किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा असतो आणि मोबदला द्यावाच लागतो.

आरोपी पळत असताना पोलिसांनी मदत मागितली तर काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ३१ नुसार अटकेसाठी किंवा शांतताभंग रोखण्यासाठी केलेल्या वाजवी मागणीला साहाय्य करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. माझ्या वाचनाप्रमाणे हे कलम माणसाच्या मदतीचे आहे. त्यातून गाडीची मालकी बाजूला सारून ती चालवत नेण्याचा अधिकार निघत नाही. जखमीला रुग्णालयात पोहोचवण्यासाठी आपण होऊन गाडी देणे वेगळे. तेथे कोणीही कलम विचारत बसू नये, असे मला मनापासून वाटते.

चोरीच्या किंवा गुन्ह्यातील संशयित वाहनाची जप्ती ही स्वतंत्र बाब आहे. ती याच संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस स्वतः करू शकतात. मात्र अशी वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ सडत ठेवू नयेत, पंचनामा आणि छायाचित्रे करून योग्य बंधपत्रावर ती परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आपल्यावर अधिग्रहणाची वेळ आलीच, तर आदेशाची प्रत घ्यावी, त्यावरील अधिकाऱ्याचे नाव, पदनाम व कलम वाचावे, आणि गाडी सोपवताना व परत घेताना किलोमीटरची नोंद व गाडीची स्थिती लिहून त्यावर सही घ्यावी. भाड्याचा किंवा नुकसानीचा वाद उद्भवल्यास हेच कागद उपयोगी पडतात.