विद्यार्थ्यांचा फीडबॅक की विद्यार्थ्यांचं शिकणं?

प्रश्न : मी नागपुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते. वर्गात सतत प्रश्न विचारते, गट करून चर्चा करायला लावते. सत्राअखेरच्या फीडबॅकमध्ये मला पाचपैकी तीन मिळाले. सरळ नोट्स सांगणाऱ्या सहकाऱ्यांना साडेचार. प्राचार्य म्हणतात, ‘महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत हेच जाणार.’ मीही नोट्सच देऊ का?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, मुळीच नको. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्याच वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः डोकं लावून प्रश्न सोडवणाऱ्या मुलांना चाचणीत जास्त गुण पडले, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांनाच वाटत होतं. छान व्याख्यान ऐकणाऱ्यांचं नेमकं उलट. वर्ग वेळेवर होतो का, फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून दिसतं का, हे मुलांनाच विचारावं. आपण किती शिकलो, हे मात्र त्यांनाही नीट सांगता येत नाही.

निकालाची टक्केवारीही पुरत नाही. धरमपेठेत ट्यूशन लावून आलेला मुलगा आणि काटोलहून रोज एसटीनं येणारी मुलगी यांची सुरुवातच वेगळी असते. म्हणून चाचणी पहिल्या आठवड्यातच घ्या, तीही आकडेमोड नसलेली. माझा नेहमीचा प्रश्न असा : चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर, वर जाताना, त्याच्यावर कोणती बलं आहेत? हवेचा अडथळा सोडा. बारावीत उत्तम गुण घेतलेले पोट्टेही लिहितात, ‘हाताचं बल वर, गुरुत्वाकर्षण खाली.’ हात सुटल्यावर हाताचं बल उरतंच कुठे? ही समजूत सूत्रं पाठ करून जात नाही, आणि ती गेली का हेच तर आपल्याला बघायचं आहे.

प्रश्नपत्रिका परत घ्या. सत्राअखेर तीच चाचणी त्याच मुलांना द्या आणि पेपर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. सरासरी शंभरपैकी ३० वरून ६५ वर गेली, तर कमवायचे ७० होते, कमावले ३५; म्हणजे ०.५. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ६२ अभ्यासवर्गांचे, सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे आकडे असेच मांडले होते. व्याख्यानावरच भर असलेल्या वर्गांची सरासरी ०.२३ निघाली, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांची ०.४८.

हा कागद फीडबॅकसोबत प्राचार्यांपुढे ठेवा. एकाच बॅचवरून निवाडा मात्र मागू नका, दोन-तीन वर्षांचे आकडे साठू द्या. आणि नव्या सत्रात पहिल्याच तासाला मुलांना सांगा, की इथे डोकं शिणेल, अडल्यासारखं वाटेल, तरी त्यातूनच शिकणं होतं. चेंडूच्या प्रश्नावरची त्यांची जुनी उत्तरं सत्राअखेर त्यांनाच परत वाचायला द्या.