वाचकांचे प्रश्न : याहूवरचा बॉट टेलिग्रामवर आला, आता पुढे?

प्रश्न : कॉलेजात असताना मित्रांच्या ग्रुपसाठी याहू मेसेंजरवर एक बॉट, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, बनवला होता. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक कुठे आहे ते सांगायचा आणि अधूनमधून टोमणे मारायचा. याहूवरून तो गूगलच्या जीटॉकवर नेला, ते गेल्यावर टेलिग्रामवर, आणि दरवेळी निम्मा कोड परत लिहावा लागला. आता सगळे म्हणतात व्हॉट्सॲपवर आण, एक जण म्हणतो जुनं सगळं काढ आणि सरळ एआय मॉडेल लाव. काय करू?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : दादा, आधी एक सांगते, जुनं काहीही काढू नका. त्या बॉटमध्ये तुमच्या ग्रुपचे इतक्या वर्षांचे शब्द आहेत, ते विकत मिळत नाहीत.

निम्मा कोड दरवेळी का गेला ते बघा. याहूचा प्रोटोकॉल (मेसेज ने-आण करायचे आतले नियम) बाहेरच्यांसाठी खुला नव्हता, हौशी लोकांनी तो उलगडून लायब्ररी (तयार कोड) बनवल्या होत्या, त्यामुळे याहूने आत काही बदललं की इकडे बॉट बसला, आणि 17 जुलै 2018 ला तर मेसेंजरच बंद झाला. जीटॉकची गोष्ट वेगळी. ते 2005 मध्ये आलं तेच एक्सएमपीपीवर, म्हणजे जेरेमी मिलरने 1999 मध्ये जॅबर नावाने सुरू केलेल्या खुल्या प्रोटोकॉलवर. कुठलीही जॅबर लायब्ररी घ्या, आयडी-पासवर्ड द्या, बॉट ऑनलाइन. हौशी बॉटवाल्यांचे ते खरंच चांगले दिवस होते, फेसबुक चॅटलासुद्धा तेव्हा याच मार्गाने जोडता यायचं. मग 2013 मध्ये गूगलने जीटॉकच्या जागी हँगआउट्स आणलं, ते असं खुलं नव्हतं, फेसबुकनेही 2015 मध्ये तो मार्ग बंद केला, आणि एकेक दार लागत गेलं.

टेलिग्रामने जून 2015 मध्ये बॉट एपीआय (बॉट जोडायचा अधिकृत मार्ग) दिलं तेव्हा मोठा फरक पडला. तोपर्यंत आपला बॉट माणसाच्या अकाउंटमध्ये बसून माणूस असल्यासारखा लॉगिन करायचा, इथे त्याला बॉट म्हणूनच अधिकृत जागा मिळाली, बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून टोकन (तुमच्या बॉटची गुप्त किल्ली) घ्या की झालं. पण सोबत नियम आले. बॉट कुणाला आपणहून पहिला मेसेज करू शकत नाही, आणि ग्रुपमध्ये प्रायव्हसी मोड आधीपासूनच चालू असतो, म्हणजे त्याला तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या कमांड, त्याच्या मेसेजला दिलेले रिप्लाय असं मोजकंच दिसतं, बाकी गप्पा दिसत नाहीत. तुमचा टोमणे मारणारा बॉट तिथे गेल्यावर एकदम गप्प झाला असणार, कारण त्याला ऐकूच येत नव्हतं! बॉटफादरकडे जाऊन प्रायव्हसी मोड बंद करता येतो, मग बॉटला ग्रुपमधून काढून परत घ्या. पण करण्याआधी ग्रुपमधल्या प्रत्येकाला सांगा की आता हा सगळं वाचणार आहे. मला हा नियम पटतो, लोक आपसात काय बोलतात ते प्रोग्रामने ऐकायचं तर त्यांना माहीत असायलाच हवं.

आता काम काय करायचं. बॉटचा मेंदू वेगळ्या फाइलमध्ये काढा. कोण बोललं, कुठे बोललं, काय बोललं एवढं आत जाईल आणि उत्तराचा मजकूर बाहेर येईल, बस. त्या फाइलमध्ये टेलिग्राम हा शब्दही दिसता कामा नये. टर्मिनलवर (कंप्युटरच्या कमांड लिहायच्या खिडकीत) नुसतं टाइप करून बॉटशी बोलता आलं म्हणजे जमलं, पुढे प्लॅटफॉर्म बदलला तर फक्त जोडणारा तुकडा नवा लिहायचा. एक गोष्ट हमखास विसरते ती म्हणजे ओळख. याहूवर माणूस म्हणजे एक आयडी होता, जीटॉकवर ईमेल, टेलिग्रामवर एक नंबर. बॉटने कुणाचं स्टेशन लक्षात ठेवलं असेल तर ते या आयडीला बांधू नका, प्रत्येकाला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या आणि कुठल्या ॲपवर तो कोण आहे याचा वेगळा तक्ता ठेवा.

आणि खरी मेहनत मराठीत आहे. माणूस 'ठाणे' असं टाइप करतच नाही, तो लिहितो 'ठाण्याहून', 'ठाण्याला', 'कुर्ल्याला उतरलो तर', 'भायखळ्यापर्यंत तरी मिळेल का'. नुसतं नाव शोधणारा बॉट इथे फसतो, म्हणून प्रत्येक स्टेशनसोबत ठाण्या-, कुर्ल्या-, वडाळ्या- असं रूपही यादीत हवं. दादर, परळ, डोंबिवलीला त्रास नाही, तिथे मूळ नाव तसंच राहतं. त्यात पायथन भाषेतल्या नेहमीच्या 're' मॉड्यूलमध्ये (मजकुरात नमुने शोधायची सोय) शब्द ओळखायची जी खूण आहे ती काना-मात्रा धरत नाही, 'ठाणे' तोडायला दिलं तर हातात 'ठ' आणि 'ण' येतात. स्पेसवर तोडा किंवा 'regex' नावाचं वेगळं मॉड्यूल वापरा. आणखी एक, 'दुसऱ्या' मधला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो, स्क्रीनवर दोन्ही सारखेच, कंप्युटरला मात्र वेगळे, तेव्हा मेसेज आत आल्या आल्या दोन्हीचं एकच रूप करून घ्या. हे काम एकदा नीट केलंत की ते कुठल्याही ॲपवर तुमच्यासोबत येतं.

व्हॉट्सॲपबद्दल माझं मत : नको. अधिकृत मार्ग धंद्यांसाठी आहे, सहसा वेगळा नंबर लागतो, ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजला 24 तास उलटले की आधी मंजूर केलेलेच मेसेजचे साचे पाठवता येतात. अनधिकृत लायब्ररी मिळतात पण नंबर बंद होऊ शकतो, आणि त्याच नंबरवर घरचे, ऑफिसचे, बँकेचे सगळे मेसेज असतात.

एआय मॉडेल लावा की, पण समजून घेण्यापुरतं. कुणी काहीतरी वाकडंतिकडं विचारलं तर त्यातून स्टेशन आणि दिवस काढायला ते छान आहे. ब्लॉक माटुंगा-मुलुंड आहे की कुर्ला-वाशी हे मात्र रेल्वेने जाहीर केलेलंच तुमच्या फाइलमध्ये असू द्या, मॉडेलला मनाने सांगू देऊ नका, ते चुकीचंही तितक्याच ठामपणे सांगतं आणि रविवारी सकाळी कुणीतरी आईला घेऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहतं. टोमणे तुमचे तुम्हीच लिहा.

प्रश्न : ताई, मी सेकंड इयरला आहे. एलायझासारखा जुना बॉट मराठीत बनवून बघावा असं वाटतं, पण मित्र म्हणतात आता त्यात काय अर्थ. खरंच नाही का?
– एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : बनव, नक्की बनव! संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाउमने अमेरिकेतल्या एमआयटीत एलायझा केला आणि 1966 मध्ये त्यावरचा लेख छापला. आत काय होतं? महत्त्वाचे शब्द शोधायचे, वाक्य उलटवून प्रश्न करायचा, काहीच सापडलं नाही तर 'पुढे सांगा' छापाचं काहीतरी. एवढ्यावर माणसं त्याच्याशी मन मोकळं करायला लागली आणि वायझेनबाउम स्वतःच अस्वस्थ झाला, पुढे त्याने या सगळ्याविरुद्ध पुस्तक लिहिलं. आजही माणसं बॉटशी तशीच बोलतात, म्हणून ते आतून बघणं मोलाचं.

मराठीत तुला जास्त मजा येईल. इंग्रजीत 'माझं'चं 'तुझं' केलं की बरंचसं भागतं, इथे 'मी थकले'चं 'तू थकलीस' आणि 'मी थकलो'चं 'तू थकलास' करावं लागतं, म्हणजे क्रियापदही फिरवायचं. बॉटने 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हे आधीच ठरव, मध्येच बदललं तर लगेच खटकतं. थोडक्या क्रियापदांपासून सुरू कर आणि घरातल्या मोठ्यांना वापरायला दे, ते अशी वाक्यं टाइप करतील जी तुला सुचणारही नाहीत.

प्रश्न : हेरोकू ही आपले प्रोग्राम चालवून देणारी सेवा फुकट होती तेव्हा बॉट तिथे ठेवला होता. आता कुठे ठेवू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हेरोकूचा फुकट प्लॅन नोव्हेंबर 2022 मध्ये संपला. टेलिग्रामचा छोटा बॉट असेल तर घरचा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटासा कंप्युटर पुरतो. वेबहुकच्या (टेलिग्रामने आपणहून बॉटकडे मेसेज पोचवायच्या) भानगडीत पडू नका, बॉटनेच थोड्या थोड्या वेळाने टेलिग्रामला विचारायचं, म्हणजे राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. पावसात तासभर इंटरनेट गेलं तरी आलेले मेसेज टेलिग्राम 24 तास धरून ठेवतं, बॉट परत आला की त्याला मिळतात. फक्त टोकन कोडमध्ये लिहून तो कोड कुठे टाकू नका, आणि टाकलाच असेल तर आजच बॉटफादरकडून जुनं टोकन रद्द करून नवीन घ्या.