स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम परत करून पैसे मिळवण्याच्या सोयीचा उलटा फटका कोणाला बसला?

छोटे गेम बनवणाऱ्यांना.

स्टीमचा जून २०१५ पासूनचा नियम असा: खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत आणि २ तासांहून कमी खेळला असाल, तर कारण काहीही असो, पैसे परत. त्याआधी २०१४ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीमची मालक कंपनी वाल्व्हला परताव्याच्याच मुद्द्यावर कोर्टात खेचलं होतं. पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंडही झाला. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर योग्यच. धड न चालणारा गेम गळ्यात का घ्यायचा?

घोळ त्या २ तासांत आहे. साठ तासांच्या गेममध्ये २ तास म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. पण गेमच दीड तासाचा असेल तर? थाळी चाटूनपुसून खायची आणि मग बिल द्यायला नाही म्हणायचं, असं होतं ते. 'समर ऑफ ५८' हा भुताचा गेम काढणाऱ्या एमिका गेम्सने २०२१ मध्ये हीच व्यथा मांडली. लोक चांगले रिव्ह्यू देतात, तरी गेम परत करतात! शेवटी त्या डेव्हलपरने अनिश्चित काळासाठी गेम बनवणं थांबवलं.

आणखी एक पळवाट होती: रिलीजआधीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्सेस'मध्ये खेळलेले तास मोजले जात नसत. ती एप्रिल २०२४ मध्ये बुजवली.

मी स्वतः एक गेम ७० मिनिटांत संपवला होता. परतीचा पर्याय समोरच. दाबला नाही, पण बोट रेंगाळलं, खोटं कशाला बोलू.